सशाला हात नसतात

वॉर्डात माझं खरं नाव कुणी घेत नाही. मी 'हातवाली सिस्टर'. एका पेशंटचं इन्फेक्शन दुसऱ्याला लागू नये म्हणून हॉस्पिटलनं नेमलेली नर्स, हे पद कागदावर फार भारदस्त दिसतं. प्रत्यक्षात कुणी हात कधी धुतले, कसे धुतले आणि धुतल्यावर कुठे लावले, एवढंच मी दिवसभर बघत असते. मी दारात दिसले की लोक लगबगीनं बेसिनकडे वळतात, वर्गावर बाई आल्या की पोरं पुस्तक उघडतात तशी.

लेक तीन वर्षांची झाल्यावर मी पुन्हा कामावर रुजू झाले. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी बसलेली अजून कुणी पाहिलेली नाही. पहिल्या दिवशी सकाळी तिनं आपल्या खेळण्यांतला लिंबाएवढा ससा आणला. टॉवेलच्या कापडाचा, एक कान चावून चपटा झालेला. तो तिनं माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राच्या पट्ट्याला बांधायला लावला.

"तू तिकडे एकटी नको," ती म्हणाली. "आणि हा काढायचा नाही."

मी शब्द दिला. दोघी रडायच्या बेतात होतो, पण गाठ बांधण्यात वेळ गेला आणि ते राहूनच गेलं.

संध्याकाळी घरी आले की मी आधी हात धुते. भिंगरी स्टूलावर चढून माझ्या शेजारी धुते, बोटांच्या बेचक्यांत, अंगठ्याच्या मागे, नखांच्या टोकांशी. मगच मिठी. मिठी झाली की ती सशाची पापी घेते आणि त्यानं दिवसभर काय केलं ते विचारते. एकदा तिनं विचारलं होतं, ससा हात नाही का धुत? मी कांदा चिरत होते. सशाला हात नसतात, म्हणून सांगून मोकळी झाले.

वॉर्डाच्या दारात मी स्टीलचा एक डबा ठेवला आहे. आत येताना अंगठ्या, घड्याळं, ब्रेसलेट सगळं त्यात उतरवायचं. त्यांच्याखाली पाणी पोचत नाही आणि जंतूंना तेवढी जागा पुष्कळ होते. सर्जननी पहिल्या दिवशी फार कुरकुर केली. लग्नातली अंगठी आहे, म्हणाले, वीस वर्षांत बोटातून निघालेली नाही. मी साबण पुढे केला आणि म्हटलं, "सर, जंतूंना लग्न कळत नाही." अंगठी निघाली, पण ते वाक्य त्यांनी मनात कुठेतरी जपून ठेवलं असावं.

वॉर्ड मोठ्या सिस्टरांच्या हाताखाली चालतो. हात धुवायला मला त्यांनीच शिकवलं. आता मी त्यांचे हात तपासते, आणि दर वेळी त्या ते असे पुढे करतात की आपली परीक्षा कोण घेतंय हे मला नीट लक्षात राहावं.

तर या वॉर्डात तीन नंबरच्या पलंगावर गुरुजी होते. शाळेत भूगोल शिकवायचे. पित्ताशयाचं ऑपरेशन झालं आणि पाचव्या दिवशी टाक्यांत पू झाला. लॅबचा कागद आला तेव्हा नऊ औषधांपैकी सात नापास. जंतू त्यांना दाद देत नव्हता. खोदून खोदून विचारल्यावर कळलं की गुरुजींचे मेव्हणे औषधांच्या दुकानात आहेत. सर्दी झाली की दोन कॅप्सूल, घसा खवखवला की तीन, आणि बरं वाटलं की बंद. उरलेल्या पुढच्या सर्दीसाठी. असं कितीतरी वर्षं चाललेलं. जंतू पुरता मरेल इतकं औषध कधी घेतलं नाही, फक्त त्याला औषधाची ओळख होईल एवढं घेतलं.

सर्जननी कागद पुन्हा वाचला आणि म्हणाले, "गुरुजी, तुम्ही घरीच शिकवणी घेत होतात की. विद्यार्थी पहिल्या वर्गात पास झालेत."

गुरुजी इतके खजील झाले की मलाच त्यांची दया आली. उरलेल्या दोन औषधांपैकी एक सुरू केलं, त्यांना कोपऱ्यातल्या वेगळ्या खोलीत हलवलं, दारावर पाटी लावली. मला वाटलं, मिटलं.

दहा दिवसांनी आठ नंबरला तोच जंतू निघाला. आठ नंबरला बेकरीवाला होता, हर्नियाचा. तीच सात औषधं नापास. गुरुजींची खोली एका टोकाला, हा दुसऱ्या टोकाला. दोघांच्या नर्स वेगळ्या, ड्रेसिंगच्या ट्रॉल्या वेगळ्या, बाथरूम वेगळं. तरी तो जंतू चालत गेल्यासारखा गेला होता.

आणि त्या वाटेवर, सहा नंबरच्या पलंगावर, शिंपीणकाकू होत्या.

त्यांचा खुबा पार झिजला होता. आठ महिने वाट पाहून त्यांना सांधा बदलायची तारीख मिळाली होती, शुक्रवारची. साखर आटोक्यात आणायची म्हणून आधीच दाखल करून घेतलं होतं. आठ महिने त्यांचं शिलाई मशीन झाकून ठेवलेलं. पायडलवर पाय दाबला की खुब्यातून कळ मस्तकात जायची. मोटर लावून घ्या, असं सगळे सांगत. त्यावर त्या म्हणत, मोटरला कापड कळत नाही, पायाला कळतं.

शनिवारी सर्जननी मला बोलावलं. आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्तच भीती वाटली. नव्या सांध्यात धातू बसवायचा असतो. तिथे हा जंतू शिरला तर धातू काढावा लागतो, आणि मग काकू मशीनच काय, काठीशिवाय उभ्याही राहणार नाहीत. जंतू कुठल्या वाटेनं फिरतोय ते गुरुवारपर्यंत सापडलं नाही, तर ते शुक्रवारी ऑपरेशन करणार नव्हते. वॉर्ड बंद, आणि काकूंना पुढची तारीख चार महिन्यांनी.

मी काकूंना ते जसंच्या तसं सांगितलं. त्यांच्या हाताला लावलेली सलाईनची सुई तपासायला मी वाकले होते. गळ्यातला ससा पुढे झुलला, तो त्यांनी रोजच्यासारखा पकडला आणि चपटा कान बोटांनी सरळ केला.

"टॉवेलचं कापड," त्या म्हणाल्या. "याच्यासारखं चिकट कापड नाही, बाई. खडू म्हणू नको, तेल म्हणू नको, सगळं धरून ठेवतं. लेकीला सांग, पुढचा मी शिवून देईन. मशीनवर बसले की."

माझ्याकडे पांढऱ्या मलमाची एक डबी असते. लावलं की दिसत नाही, पण जांभळ्या टॉर्चच्या उजेडात निळं चमकतं. ज्याचा हात लागेल त्याच्याबरोबर ते पुढे जातं, जंतू जातो तसंच. रविवारी सकाळी कुणाला न सांगता मी ते गुरुजींच्या पलंगाच्या कठड्याला, चादरीच्या कडेला आणि त्यांच्या ट्रॉलीच्या दांड्याला लावलं. संध्याकाळी पडदे ओढले आणि टॉर्च घेऊन निघाले.

काय काय चमकलं म्हणून सांगू. टेलिफोन. वॉर्ड क्लार्कच्या साखरेच्या डब्याचं झाकण, तेही त्यांनी साखर सोडलीय असं घरी सांगितलेलं असताना. सर्जनच्या उजव्या कानामागे एवढा मोठा निळा पट्टा, कारण विचार करताना ते तिथे खाजवतात. मोठ्या सिस्टरांच्या हातांवर मात्र टिपूस नाही. त्या दिवसभर सगळ्यांशी फार गोड बोलत होत्या.

पण बेकरीवाल्याच्या चादरीवरही एक निळा ठिपका होता. आणि एक काकूंच्या उशीच्या अभ्र्यावर.

तिथे काम करणाऱ्या सगळ्यांचे हात मी उलटेसुलटे पाहिले. स्वच्छ. माझे स्वतःचे हात सगळ्यांसमोर टॉर्चखाली धरले. एक डाग नाही. बघा, असे धुवायचे, असंही म्हणाले. ते आठवलं की अजून कानाच्या पाळ्या गरम होतात.

सोमवारी सगळं परत केलं. नव्या ठिकाणी मलम, पुन्हा तपासणी, पुन्हा तेच. ठिपके आहेत, हात नाही. त्यात टॉर्चचे सेल उतरले. नवे सेल घरी होते, म्हणून टॉर्च पर्समध्ये टाकली आणि घरी आले.

त्या संध्याकाळी माझं कशात लक्ष नव्हतं. हात धुतले, मिठी दिली, ओळखपत्र खुंटीला अडकवलं, टॉर्चमध्ये सेल घातले आणि भाकरीचा घास हातात तसाच धरून भिंतीकडे बघत बसले. सासूबाईंनी दोनदा काहीतरी विचारलं आणि उत्तर न मिळाल्यानं स्वतःच देऊन टाकलं. भिंगरी कधी टेबलाखाली गेली, वरून चादर कधी सोडली आणि टॉर्च कधी पळवली, कळलंही नाही.

"आई," आतून आवाज आला, "माझा ससा चंद्र झाला."

चादर उचलून मी आत सरकले. पट्टा तिनं खुंटीवरून काढून आणला होता. जांभळ्या उजेडात तिच्या मांडीवर ससा होता आणि त्याचं अख्खं पोट निळं लखलखत होतं. पाय, शेपूट, चावलेला कान. मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या नाकाचा शेंडा निळा होता. ओठ निळे होते. रोजची पापी.

मी तिथेच, टेबलाखाली, सगळा दिवस डोळ्यांसमोर चालवून पाहिला. गुरुजींच्या खोलीत मी गाऊन घालते, पण पट्टा गाऊनच्या वर येतो, कारण ओळखपत्र दिसलं पाहिजे असा नियम मीच केलाय. मी वाकते, ससा चादरीला लागतो. बाहेर येते, हात धुते, चांगले धुते. मग पुढच्या पलंगाशी वाकायच्या आधी, ससा मध्ये येऊ नये म्हणून, त्याच धुतलेल्या हातानं त्याला खिशात सारते. तो पुन्हा बाहेर येतो. काकू त्याचा कान सरळ करतात. आणि टॉर्च मारताना मी सगळ्यांचे हात पाहिले, माझे आत्ताच धुतलेले पाहिले, आणि गळ्याकडे काही टॉर्च वळवली नाही.

सासूबाईंनी चादर उचलून आत डोकावलं. दोघींना बघून त्या म्हणाल्या, एक भिंगरी पुरत नव्हती म्हणून आता दुसरीही टेबलाखाली.

भिंगरीनं मात्र माझा चेहरा वाचला. तिनं सशाकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे.

"यानं हात नाही धुतले?"

"नाही."

"तू म्हणालीस सशाला हात नसतात."

"हो. म्हणून त्याला सगळाच धुवायला हवा होता," मी म्हटलं. "माझं चुकलं."

तिचा चेहरा मी साबणानं तीनदा धुतला, तिनं तो मुकाट्यानं धुऊन घेतला. ससा मात्र धुतला नाही. पट्ट्यावरून सोडवून तसाच एका स्वच्छ पिशवीत बंद केला, कारण त्याच्या अंगावर काय आहे ते लॅबला दाखवायचं होतं. यावरून घरात मोठी बोलणी झाली. ससा हॉस्पिटलमध्ये पेशंट म्हणून जातोय, इंजेक्शन नाही, फक्त कापसाची काडी, आणि तो परत येणार, या तीन अटींवर तह झाला. ती झोपल्यावर मी तिच्या नाकाकडे बघत बसले. एवढंसं नाक. दिवसभर लोकांच्या मुलांना, आयांना, आजोबांना जपायचं म्हणून मी बाहेर पडते, आणि ज्यापासून जपायचं तेच गळ्यात बांधून घरी आणत होते.

मंगळवारी सकाळी सगळे जमले तेव्हा मी ती पिशवी टेबलावर डब्याशेजारी ठेवली आणि सांगितलं. आडवळण घेतलं नाही, घेतलं असतं तर धीर सुटला असता. क्लार्क साखरेच्या डब्याकडे बघू लागले. सर्जन पुढे आले. त्यांनी स्टीलच्या डब्याचं झाकण काढलं आणि डबा माझ्यासमोर धरला. आत त्यांची अंगठी होती.

मी गळ्यातला, रात्री उकळून घेतलेला पट्टा काढून आत सोडला. "जंतूंना लेकही कळत नाही, सर," मी म्हटलं.

"मी हे बोलणार नव्हतो," ते म्हणाले. पण त्यांच्या मिशा हलल्या.

मोठ्या सिस्टर मला बाजूला घेऊन गेल्या. मला वाटलं आता बोलणी बसणार. त्या एवढंच म्हणाल्या, काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि माझ्या नाकातला नमुना घ्यायला काडी काढली. इतक्या वर्षांच्या नोकरीत कुणाच्या नाकात इतक्या आनंदानं काडी घातली नव्हती, असंही सांगितलं. मग काडी नळीत बंद करताना, माझ्याकडे न बघता, लेकीलाही दुपारी घेऊन ये म्हणाल्या, मी स्वतः घेईन, तिला दुखणार नाही.

खरी अवघड गोष्ट सहा नंबरला होती. काकूंना दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर चाललं असतं, पण मला नसतं चाललं. मी पलंगाशी उभी राहिले. त्यांचा हात सवयीनं माझ्या गळ्याकडे आला आणि रिकामाच थांबला.

मी सांगितलं.

"म्हणजे मी रोज त्याचा कान सरळ करत होते," त्या म्हणाल्या.

"हो, काकू."

"आणि तू सांगितलं नसतंस तर?"

"तर कुणाला कळलं नसतं. पट्टा गुपचूप बदलला असता आणि झालं."

काकूंनी अंगावरची चादर सारखी केली. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. एकदा एका गिऱ्हाइकाच्या कोटात त्यांची सुई राहिली. त्या रोज सुया मोजून ठेवतात, त्या दिवशी एक कमी भरली. कोट तर गेलेला. त्या पहाटेच बाईंच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या, कोट अंगात घालायच्या आधी. बाई खूप बोलल्या. आणि त्यानंतर आजवर त्या बाईंनी दुसरीकडे कुठे शिवायला टाकलं नाही.

"सुई सगळ्यांचीच राहते," त्या म्हणाल्या. "मोजणारीला कळतं. जा, माझ्या नाकात काय घालायचं ते घाल. आणि टॉवेलचं कापड, मी सांगितलं होतं."

दुपारी भिंगरी आली. नाक पुढे करण्याआधी तिनं मोठ्या सिस्टरांकडे सशाची चौकशी केली. तो चांगला पेशंट आहे, अजिबात रडला नाही, असं त्यांनी गंभीरपणे सांगितल्यावर मग हीही रडली नाही. काकूंना त्याच दिवसापासून जंतुनाशक साबणानं आंघोळी सुरू झाल्या. वॉर्डातल्या सगळ्यांचे पट्टे उतरले. त्या जागी छातीला चिमट्यानं लावायची, पुसता येणारी कार्डं आली. गुरुजींना वेगळ्या खोलीत ही हकीकत कुणीतरी पोचवली. त्यांनी मेव्हण्यांना फोन करून घरातल्या उरल्यासुरल्या सगळ्या कॅप्सूल दुकानात परत न्यायला लावल्या, आणि आपल्या चालू औषधाचा तक्ता करून भिंतीला लावला. एकही डोस चुकणार नाही, म्हणाले, आता मुदतीआधी सुट्टी नाही.

गुरुवारी सकाळी लॅबचे कागद आले. मी ते हातात घेतले आणि उघडायला मोठ्या सिस्टरांकडे दिले. सशावर तोच जंतू, तीच सात औषधं नापास. माझं नाक स्वच्छ. काकूंचं स्वच्छ. शेवटचा कागद त्यांनी मुद्दाम हळू उलगडला, चष्मा पुसला, आणि माझा जीव पुरता टांगणीला लागल्यावर म्हणाल्या, "तुझ्या भिंगरीचं नाक तुझ्यापेक्षा स्वच्छ आहे."

मी बेसिनशी जाऊन उगाच हात धुतले. बराच वेळ धुतले.

सर्जननी कागद पाहिले, कानामागे बोट नेलं, मध्येच थांबवलं आणि खाली घेतलं. वाट सापडली, शुक्रवारी करू, म्हणाले.

ससा उकळत्या पाण्यातून निघाला तेव्हा दुसरा कानही चपटा झाला होता. तो दोरीवर चिमट्यांनी लटकला आणि भिंगरी खाली स्टूल टाकून पहाऱ्याला बसली. ती एका जागी बसल्याची घरातली ही पहिलीच नोंद. यापुढे सशाची ड्यूटी घरी, हे तिला पटलं. पण मी तिकडे एकटी, हे काही पटेना. हातावर काही चालणार नाही, गळ्यात नाही, कपड्यांवर नाही, हे सगळं तिला सांगून झालं. तिनं बराच विचार केला. मग बॉलपेन घेऊन आली आणि मला मोजा काढायला लावला.

शनिवारी दुपारी मोठ्या सिस्टर आणि मी काकूंना पहिल्यांदा उभं केलं. वॉकरला धरून त्या उभ्या राहिल्या, ओठ घट्ट मिटलेले. दोन पावलं टाकली. थांबल्या. बेकरीवाला, आता त्यालाही वेगळी खोली होती, दाराच्या काचेतून बघत होता, त्यानं श्वास धरलेला आम्हा सगळ्यांना दिसत होता. तिसरं पाऊल टाकून झाल्यावर काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि धापा टाकतच विचारलं, लेकीनं मग काय ठरवलं.

मी बूट सैल केला आणि मोजा घोट्याखाली सरकवला. तिथे निळ्या शाईचा एक ससा होता, बटाट्यासारखा, तीन कानांचा. काकूंनी मान वाकडी करून तो नीट पाहिला, गिऱ्हाइकाचं माप पाहतात तसा, आणि तिसरा कान कशाला, म्हणून विचारलं.

"ती घरून हाक मारते तेव्हा ऐकू यावं म्हणून."

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. मग मान सरळ केली, वॉकरवर भार दिला, आणि नव्या खुब्याच्या पायाचा पंजा फरशीवर हलकेच दाबून पाहिला. एकदा. मग पुन्हा, जरा लयीत, जणू खाली पायडल आहे आणि वर कुणाचा तरी टॉवेलचा नसलेला ससा शिवून व्हायचाय.